दुसरा गाल आणि डोक्यावरची पाटी

शेताच्या अडवलेल्या वाटेचं हे प्रकरण अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका गावचं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना आम्ही मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, गुरुजी म्हणतो आणि त्यांच्या पत्नीला काकू. ज्यांनी त्रास दिला त्यांना गाव अण्णा म्हणतं. तसंच इथे म्हटलं आहे. मी त्या मंडळीच्या पंच कमिटीवर आहे आणि सुरुवातीचा चुकीचा सल्ला माझा होता. हा मजकूर गुरुजी आणि काकूंना वाचून दाखवला. काकूंनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, ती केली आहे.

पार्श्वभूमी

नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. इथल्या बऱ्याच ख्रिस्ती घरांची तिसरी-चौथी पिढी आता शेती, शिक्षकी किंवा नर्सिंगमध्ये आहे. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. जमीन तीन एकर. दोन एकर ऊस, बाकीत कांदा आणि जनावरांपुरता घास. कालवा जवळ असल्यानं विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असतं. विहिरीशेजारी सिमेंटचा हौद आहे.

शेजारचा गट, म्हणजे जमिनीचा तुकडा, अण्णांचा. दोन्ही गटांच्या मधल्या बांधाकडेनं डांबरी रस्त्यापासून विहिरीपर्यंत गाडीवाट होती, साधारण तीनशे पावलांची. अण्णांचे वडील आणि गुरुजींचे वडील यांची सावड होती. याचा एक बैल, त्याचा एक बैल, असं मिळून औत चालायचं. गाडीवाटेचा कागद कोणी केला नाही, कारण कोणाला त्याची गरज वाटली नाही.

अण्णांची बाजूही सांगायला हवी. ते पुण्याकडे कंपनीत कामाला होते. २०२० च्या लॉकडाउनमध्ये काम गेलं आणि ते बायकामुलांसह गावी परतले. भावाभावांत वाटणी झाली, अण्णांच्या वाट्याला दीड एकर आलं, आणि त्यावर सोसायटीचं कर्ज. दीड एकरवाल्याला फूटभर बांध फार मोठा दिसतो. हे आम्हाला फार उशिरा सुचलं.

काय घडत गेलं

पहिल्या पावसाळ्यात नांगराचं एक तास, म्हणजे नांगरटीची एक ओळ, बांधावर चढलं. दुसऱ्या वेळी दोन तासं. गुरुजींनी पाहिलं आणि सोडून दिलं. २०२१ च्या जूनमध्ये अण्णांनी गाडीवाटेवर आडवा चर खणला. पावसाचं पाणी काढून द्यायला, असं त्यांचं म्हणणं. चर गुडघाभर खोल. बैलगाडी जाणार नाही, ट्रॅक्टर तर नाहीच.

त्याबरोबर तोंडही सुटलं. काकू घास कापायला गेल्या की बांधावरून ऐकू यायचं, बाटगे, मिशनचं फुकटचं खाल्लेले, तुमची जागा गावकुसाबाहेर. बाटगा हा शब्द धर्मावरून दिलेली शिवी वाटते. आमच्याकडे ज्यानं ती ऐकली आहे त्याला कळतं की तिच्यात धर्म थोडा आणि जुनी जात जास्त असते. काकूंच्या आजीनंही तीच ऐकली होती.

ऑगस्टमध्ये उपासनेनंतर गुरुजी माझ्याजवळ आले. मी म्हणालो, "गुरुजी, थांबा थोडं. प्रार्थनेत ठेवू. प्रभू त्याचं मन वळवेल." त्यांनी मान हलवली. मी घरी जाऊन जेवलो. या प्रकरणातला पहिला निर्णय इतक्या सहज झाला, आणि तो घेताना काकूंना विचारावं हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही.

२०२१-२२ चा गळीत हंगाम शेतकऱ्यांच्या लक्षात आहे. राज्यात ऊस इतका झाला होता की काही कारखाने जूनपर्यंत चालले. तोडणीच्या टोळ्यांना शेतं निवडून घ्यायची मुभा होती, आणि जिथे ट्रॅक्टर जात नाही अशा शेतात कोण कशाला येईल? गुरुजींचा ऊस मेपर्यंत उभा राहिला, वजनाला उतरला. शेवटी एक मुकादम आला, त्यानं मोळ्या डोक्यावरून रस्त्यापर्यंत काढायचे वेगळे पैसे घेतले.

कांदा त्याआधी, एप्रिलमध्ये निघाला. त्याला मजूर लावायला पैसे उरले नव्हते. तो काकूंनी आणि सुनेनं पाटीनं वाहिला. तीनशे पावलं जायचं, चरात उतरायचं, चढायचं, रस्त्यावर पाटी रिकामी करायची आणि परत. नऊ दिवस.

वळण

मेमधल्या एका बुधवारी गुरुजींच्या घरी प्रार्थना सभा होती. वचन बायबलमधल्या मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं निघालं, दुसरा गाल पुढे करण्याचं. बोलायला मीच उभा होतो. गुरुजींचं उदाहरण दिलं, की आपल्या मंडळीत हे वचन जगणारा माणूस आहे. काकू चुलीच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर मागे घेतला आणि टाळूवर बोट ठेवलं. तिथले केस झिजून रुपयाएवढी चकती उघडी पडली होती, पाटीखालच्या चुंबळीनं. त्या म्हणाल्या, "दुसरा गाल यांचा. पाटी माझ्या डोक्यावर. मला कोणी विचारलं होतं का?"

कोणी काही बोललं नाही. भजनाचं पुस्तक माझ्या हातात तसंच उघडं राहिलं. सभा प्रार्थना न करता संपली, असं आमच्या मंडळीत मी पहिल्यांदा पाहिलं.

गुरुजी दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. ते जे बोलले ते त्यांच्या परवानगीनं लिहितो. "मी अण्णाला घाबरत होतो. चहाला जायची वाट बदलली होती मी. त्या भीतीला मी क्षमा म्हणत होतो."

समोर असलेले पर्याय

आम्ही पाळकसाहेबांकडे, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंकडे, गेलो. त्या बैठकीत काकू होत्या, त्यांचा पुतण्या होता, आणि तालुक्याला वकिली करणारे मंडळीतले एक सभासद होते.

पुतण्याचं म्हणणं होतं ॲट्रॉसिटी लावा. वकिलांनी सांगितलं की ख्रिस्ती झालेल्या माणसाला तो कायदा लागू होत नाही, कारण १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींमध्ये ख्रिश्चनांची गणना होत नाही. पुतण्या म्हणाला, जुना दाखला आहे की आजोबांच्या नावचा, पूर्वीच्या जातीचा. असे दाखले आमच्याकडे बऱ्याच घरांतल्या ट्रंकेत असतात आणि ते ठेवणाऱ्यांना मी दोष देणार नाही. ज्या जातीवरून शिव्या बसतात तिचं संरक्षण मात्र धर्म बदलला की काढून घेतलं जातं, हा अन्यायच आहे. पण गुरुजी म्हणाले, "ज्या नावासाठी शिव्या खाल्ल्या ते नाव कचेरीत लपवू कसं?" हा पर्याय तिथेच संपला.

पोलिसांत शिवीगाळीची तक्रार देता आली असती. ती अदखलपात्र म्हणून नोंदवून घेतली असती आणि चर तिथेच राहिला असता.

वाट अडवली तर सरळ उपाय मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ मध्ये आहे. तहसीलदारापुढे दावा करायचा, वहिवाटीतला अडथळा काढून मिळतो. वकिलांनी विचारलं, "चर कधी खणला?" गुरुजी म्हणाले, गेल्या जूनमध्ये. वकील थोडा वेळ गप्प राहिले. त्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत असते. ती डिसेंबरमध्येच संपली होती. मी ऑगस्टमध्ये थांबा म्हणालो तेव्हा चार महिने शिल्लक होते.

उरलं होतं ते असं. हद्द कायम मोजणी करून घ्यायची आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागायचा. लांबचा मार्ग, पण उघडा.

आणि शेवटचा पर्याय, जो बैठकीबाहेर तरुण मुलांनी सुचवला. अण्णांची बोअर मार्चमध्येच आटली होती. त्यांची दोन गाई आणि एक म्हैस संध्याकाळी गुरुजींच्या हौदावर पाणी पीत होती. पूर्वीपासूनची पद्धत, कोणी बंद केली नव्हती. मुलं म्हणाली, हौद कोरडा ठेवा आठ दिवस, चर आपोआप बुजेल. बहुतेक बुजलाही असता. काकू म्हणाल्या, "जनावरांनी चर खणला नाही." नऊ दिवस पाटी वाहिली तेव्हाही तो हौद त्यांनीच भरला होता, रोज, मोटर चालू करून, वीज रात्री आली तर रात्री उठून. हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं.

मी पुष्कळ वर्षं वचन सांगत आलो आहे. शत्रू तान्हेला असेल तर त्याला पाणी दे, हे रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौलानं नीतिसूत्रांतून घेतलेलं वाक्य मला तोंडपाठ आहे. ते पाळणारी बाई उंबऱ्यावर बसून न्याय मागत होती, आणि मी तिच्या नवऱ्याच्या भित्रेपणाला त्याच वचनाचं नाव देत होतो.

वचनाकडे पुन्हा पाहणं

पाळकसाहेबांनी उपदेश केला नाही. त्यांनी चार ठिकाणं उघडून आमच्याकडूनच वाचून घेतली.

योहानाच्या अठराव्या अध्यायात महायाजकासमोर एक शिपाई येशूला चपराक मारतो. येशू परत मारत नाही. पण गप्पही राहत नाही. मी वाईट बोललो असेन तर दाखव, बरोबर बोललो असेन तर का मारतोस, असं विचारतो. दुसरा गाल पुढे करायला सांगणाऱ्यानंच विचारलेला हा प्रश्न आहे.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात फिलिप्पै शहराच्या अधिकाऱ्यांनी पौल आणि सीला यांना चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलं. दुसऱ्या दिवशी गुपचूप जा म्हणाले. पौल जात नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं, म्हणतो. ज्या तुरुंगाधिकाऱ्याचा जीव त्यानं रात्री वाचवला त्याच तुरुंगाच्या दारात तो हे म्हणतो.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात तर पायऱ्याच दिल्या आहेत. भावानं अपराध केला तर आधी एकट्यानं जाऊन त्याला सांग. ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा. पाळकसाहेबांनी विचारलं, "गुरुजी, तुम्ही अण्णांना एकदा तरी जाऊन सांगितलंत का?" वर्षभरात एकदाही नाही. देवाला सांगितलं, मला सांगितलं, अण्णांना नाही. पुतण्या म्हणाला, अण्णा काय मंडळीतला भाऊ आहे का? पाळकसाहेब म्हणाले, मग त्याला भावापेक्षा कमी मान द्यायचा का?

चौथं ठिकाण रोमकरांस पत्राचंच, त्याच अध्यायातलं. शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सर्वांशी शांतीनं राहा. काकूंनी "तुमच्याकडून होईल तितकं" हे शब्द दोनदा वाचायला लावले.

मला त्या वेळी ओडिशाची गोष्ट आठवली. १९९९ च्या जानेवारीत मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं गाडीत जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं आणि बारीपद्याला कुष्ठरुग्णांची सेवा चालू ठेवली. खटलाही चालला, मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये कायम केली. क्षमा त्यांच्या हातात होती, न्याय न्यायालयाच्या. एका गाडीवाटेची त्या दुःखाशी बरोबरी होत नाही, मला ठाऊक आहे. पण दोन्ही गोष्टी एका वेळी असू शकतात हे मला तिथून कळलं.

प्रत्यक्ष काय केलं

जूनमध्ये गुरुजी आणि काकू अण्णांच्या वस्तीवर गेले. मी येऊ का विचारलं, काकू नको म्हणाल्या, चार माणसं पाहून तो चिडेल. गुरुजींनी तीन गोष्टी सांगितल्या. चरामुळे आमचा अमुक इतका तोटा झाला. तुम्ही काकूंना जे बोलता ते आम्हाला लागतं आणि ते थांबायला हवं. आम्ही मोजणी मागणार आहोत, अर्ज द्यायच्या आधी तुम्हाला सांगायला आलो. अण्णा म्हणाले, "मोजा ना, कोण भितंय." चहा विचारला नाही. निघताना अण्णांची आई ओट्यावरून म्हणाली, "जनावरं येत्यात तुमच्याकडं." काकू म्हणाल्या, "येऊ द्या."

मोजणीचा अर्ज तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात दिला. पाऊस आणि उभी पिकं यामुळे तारीख नोव्हेंबरची मिळाली. लगतच्या खातेदारांना नोटीस कार्यालय पाठवतंच, पण गुरुजी आदल्या दिवशी स्वतः जाऊन वेळ सांगून आले.

भूकरमापकानं मशीन लावलं. बांध विहिरीकडच्या टोकाला चार फूट सरकलेला निघाला, गुरुजींच्या बाजूला. अपेक्षित होतं. मग तो रस्त्याकडच्या टोकाला आला, खुणा केल्या, आणि गुरुजींच्या गोठ्याचा कोपरा दीड फूट अण्णांच्या गटात निघाला. गोठा गुरुजींच्या वडिलांनी बांधलेला. पुतण्या पुढे होऊन म्हणाला, साहेब, तेवढं सोडा, जुनं बांधकाम आहे. अण्णा हसले.

गुरुजी थोडा वेळ कोपऱ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "निघालं ते निघालं. लिहा." पुढच्या आठवड्यात त्यांनी आणि मुलानं गोठ्याची ती भिंत स्वतः उतरवली आणि दोन फूट आत बांधली. विटा उतरवताना अण्णा बांधावर उभे राहून बघत होते. मदतीला आले नाहीत. शिवीही दिली नाही.

डिसेंबरमध्ये तहसीलदारांकडे कलम १४३ खाली अर्ज केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये स्थळपाहणी झाली. तहसीलदारांनी दोघांनाही समोर उभं करून विचारलं, तडजोड होते का. गुरुजी म्हणाले, हद्दीच्या दोन्ही बाजूंनी चार-चार फूट सोडू, आठ फुटांचा रस्ता होईल, चर मी माझ्या खर्चानं बुजवतो, पाण्यासाठी खालून पाइप टाकतो. पाण्याची अडचण अण्णांची खरी होती, चर हा त्यावरचा वाईट उपाय होता. अण्णांनी सही केली.

निष्पत्ती

२०२३-२४ च्या हंगामात ऊस ट्रॅक्टरनं गेला. हद्दीचे दगड रोवले आहेत. बांधावरच्या शिव्या थांबल्या. त्या मनातून गेल्या का, मी सांगू शकत नाही.

अण्णांनी माफी मागितलेली नाही. गुरुजींना समोरून राम राम घालतात, काकूंना घालत नाहीत. ज्यांना अशा गोष्टीच्या शेवटी शत्रूच्या डोळ्यांत पाणी हवं असतं त्यांना हे अपुरं वाटेल. मंडळीत दोघा-तिघांना वाटलंच, की इतकं करून काय मिळालं. काकूंच्या मानेचा त्रास कायमचा झाला आहे. एका हंगामाचे पैसे गेले ते गेले.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या पावसाळ्यातच, नांगराचं एक तास चढलं तेव्हा, गुरुजींनी जाऊन बोलायला हवं होतं. तेव्हा गोष्ट एका तासाची होती, आणि अण्णा नुकतेच नोकरी गमावून आलेले. त्या वेळी कोणी त्यांच्या वस्तीवर जाऊन, कसं चाललंय, म्हणून विचारलं असतं तर ती खरी दया झाली असती. आम्ही दयेची सुरुवात अन्याय झाल्यावर केली.

माझी चूक मी वेगळी मांडतो. प्रार्थनेत ठेवू म्हणणं चुकीचं नव्हतं. थांबा म्हणणं चुकीचं होतं. कायद्याची मुदत मला ठाऊक नव्हती, पण मंडळीत वकील होते, एक फोन लावता आला असता. त्याहून मोठी चूक म्हणजे सहन कोण करतंय हे मी पाहिलं नाही. आता कमिटीत असा विषय आला की आम्ही आधी घरातल्या बायकांना आणि सुनेला बोलावून विचारतो, या निर्णयाचं ओझं कोणाच्या डोक्यावर येणार आहे. ज्याच्यावर येणार त्यानं स्वतः हो म्हटलं तर ती क्षमा. दुसऱ्यानं त्याच्या वतीनं हो म्हणायचं नाही.

हे शेताच्या वादाबद्दल आहे. घरात मारहाण होत असेल तिथे एकट्यानं जाऊन सांग ही पहिली पायरी नाही, हे पाळकसाहेबांनी तेव्हाच बजावलं होतं. तिथे आधी त्या बाईला आणि लेकरांना सुरक्षित जागी न्यायचं.

मोजणीला आधी जायला हवं होतं का, यावर आमच्यात अजून मतभेद आहेत. मला वाटतं, न बोलता थेट मोजणी लावली असती तर गोठ्याची भिंत उतरवणं हा गुरुजींचा पराभव ठरला असता. आधी बोलून झालं होतं म्हणून ती उतरवताना त्यांची मान वर होती.

सध्या

या वर्षी अण्णांच्या मुलानं शेततळ्याचा विचार चालवला आहे. कालव्यावरून पाइपलाइन आणायची तर ती गुरुजींच्या गटातून यावी लागते. शेजाऱ्याच्या जमिनीतून पाणी नेण्याची परवानगी तहसीलदार संहितेच्या कलम ४९ खाली देऊ शकतात, पण मुलगा आधी गुरुजींकडे आला. मुलगा बोलत होता तोवर अण्णा रस्त्यावर मोटारसायकलवर बसून होते.

गुरुजींनी काकूंकडे पाहिलं. काकू घास निवडत होत्या. म्हणाल्या, "देऊ की. पण या वेळी स्टँपपेपरवर. आणि अण्णाला म्हणावं, सही करायला घरात ये, चहा ठेवते."